चेंबरमधलं बारदान

खामगावच्या कापडबाजारात रंगराव आणि अर्जुनराव या चुलतभावांची दुकानं एकाच इमारतीत होती, मधे फक्त एक भिंत. आज्यानं काढलेलं दुकान बापांनी वाटून घेतलं, आणि रंगरावांच्या मते चांगली बाजू अर्जुनरावाकडे गेली. खरं तर दोन्ही बाजू सारख्याच. पण रंगरावांना भावाच्या पायरीवरचं ऊनसुद्धा आपल्यापेक्षा उजळ दिसायचं, त्याला कोण काय करणार?

चौसष्ट साली अर्जुनरावानं दुकानामागं फ्लशचा संडास बांधला. वर लोखंडी टाकी, खाली लोंबती साखळी. रंगराव चार लोकांत खूप हसले. कापड विकायचं सोडून हा आता हेच विकणार का, असं म्हणाले. पण महिनाभरात त्यांचं हसू आटलं.

कारण साधं होतं. लग्नाचा बस्ता घ्यायला घरची पंधरा-वीस माणसं यायची आणि सकाळी गादीवर बसली की दिवस कलल्यावर उठायची. पुरुषांचं कसंही भागायचं. बायका मात्र दिवसभर पाण्याचा घोट न घेता साड्या उलगडत बसायच्या, आणि हे इतक्या वर्षांत बाजारातल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं. अर्जुनरावाच्या आलं. बायकांनी ही गोष्ट गावोगावी नेली आणि बस्ते भिंतीपलीकडं वळू लागले.

रंगरावांकडे हक्काचं एकच मोठं घर उरलं होतं, नांदुऱ्याकडच्या अन्नपूर्णाबाईंचं. त्यांच्या चारही लेकींचे बस्ते रंगरावांच्या गादीवरून गेलेले. आता नातीचं लग्न होतं, आणि गुरुवारी येतो असा निरोप आला होता. निरोपाच्या शेवटी बाईंनी विचारलं होतं, शेजारी म्हणे बायकांची सोय आहे, तुमच्याकडं आहे का?

हा प्रश्न रंगरावांच्या काळजात काट्यासारखा रुतला. भावाला नुसतं विचारलं असतं तरी तो लगेच हो म्हणाला असता. पण तो लगेच हो म्हणेल, हेच तर त्यांना सोसत नव्हतं.

बुधवारी दुपारी अर्जुनराव जेवायला घरी गेला, तेव्हा रंगराव मागच्या बोळात शिरले. संडासाचा पाइप तिथल्या चेंबरमध्ये येई आणि पुढं जमिनीखालच्या मैल्याच्या टाकीत जाई. त्यांनी झाकण उचललं, हाताला आलेलं बारदान, म्हणजे कापडाच्या गाठीवरचं गोणपाट, पुढच्या तोंडात काठीनं ठासून बसवलं आणि हात धुऊन गादीवर येऊन बसले. उद्या शेजारी घाण वर येईल, गिऱ्हाईक नाकाला पदर लावून पळेल, असे मांडे ते मनात खात होते. त्या दिवशी भावाकडं दोन बस्ते होते आणि साखळी सारखी वाजत होती. प्रत्येक आवाजाला रंगरावांना गुदगुल्या होत होत्या.

एक गोष्ट मात्र हा माणूस साफ विसरला. चेंबर बांधताना अर्जुनरावानं न मागता, एक पैसा न घेता, रंगरावांच्या मोरीचा पाइपही त्यातच जोडून दिला होता. आणि रंगरावांची मागची खोली भावाच्या संडासापेक्षा हातभर खाली होती.

गुरुवारी दुकान उघडलं तर आत उभं राहवेना. मोरीतून काळं पाणी उफाळून मागच्या खोलीतून गादीपर्यंत आलं होतं, आणि साड्यांच्या खालच्या गाठी त्यात भिजत होत्या. रंगरावांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्यात एसटीतून उतरलेल्या अन्नपूर्णाबाई सगळा गोतावळा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

न बोलावताच अर्जुनराव आला. नगरपालिकेची माणसं दुपारनंतर येणार होती. तोवर वाट बघायला तो तयार नव्हता. त्यानं धोतर खोचलं, बांबू घेतला आणि स्वतः चेंबरमध्ये उतरला. थोड्या वेळानं बांबूच्या टोकाला बारदान अडकून आलं. त्यावर रेल्वेतून माल येताना घातलेलं काळ्या शाईतलं नाव अजून स्वच्छ वाचता येत होतं. रंगराव, खामगाव. अर्जुनरावानं ते वाचलं. तो वाचतोय हे बोळाच्या तोंडाशी उभ्या रंगरावांनी पाहिलं.

अर्जुनरावानं नाव आत राहील अशी बारदानाची घडी घातली आणि ते कचऱ्याखाली सारलं. मग पुढं येऊन अन्नपूर्णाबाईंना म्हणाला, "काकी, चूक माह्यी हाय. माह्या संडासाचा पाइप तुंबला, अन् नुकसान दादाचं झालं."

मग तो कामाला लागला. डब्यांनी पाणी उपसलं. तेलाच्या गिरणीतून सरकीच्या टरफलांची पोती आणून जमिनीवर पसरली, त्यांनी ओल प्यायल्यावर झाडून काढली. उकळत्या पाण्यात सोडा टाकून फरशी दोनदा घासली, फिनेल मारलं, भिंतीच्या कडेनं चुना टाकला. भिजलेल्या साड्या धुऊन विकायच्या नाहीत, जाळायच्या, असं बजावून गाठी बाहेर काढल्या. शेवटी आपल्या दुकानातली गादी आणून रंगरावांच्या दुकानात अंथरली.

अन्नपूर्णाबाई तोवर बाहेर खुर्चीवर बसून सगळं बघत होत्या. दुपार टळल्यावर त्या आत आल्या आणि टेकल्या.

"रंगराव, घाबरू नका. तुमचं येवढं नुकसान झालं, आता बस्ता तुमच्याच गादीवरून घेतो."

रंगरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी भराभर वरच्या फळीवरचे शालू खाली घेतले. इथं सगळे गप्प बसले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण बाईंना भावाचं कौतुक आवरलं नाही.

"अर्जुनरावासारका भाऊ भेटाले नशीब लागते. तुमच्या आज्याचा खरा वारस तोच हाय."

शालू रंगरावांच्या हातातच राहिला. बस्ते गेले ते गेले, आता आजाही त्याचाच? आणि चांगुलपणाही त्याचाच, तोही त्यांच्याच बारदानावर मिळवलेला? तो दुपारपर्यंत घाण उपसून मोठा झाला, आणि आपण त्याच्या पाइपापायी बिचारे ठरलो. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तो खोटं बोलला," ते म्हणाले. "त्याचा पाइप तुंबला नव्हता. बारदान माह्यं होतं. म्याच कोंबलं होतं."

दारात हात पुसत उभा असलेला अर्जुनराव कळवळून म्हणाला, "दादा, काऊन सांगतलं? मी झाकलं होतं ना."

अन्नपूर्णाबाईंनी आधी रंगरावांकडं पाहिलं, मग अर्जुनरावाकडं, आणि तिकडं बराच वेळ पाहत राहिल्या. भावाला आपण आपल्याच तोंडानं आणखी हातभर उंच केलं, हे रंगरावांना तेव्हा कळलं. बाईंनी पुढ्यातला शालू नीट घडी करून बाजूला ठेवला आणि नातीला उठवलं. त्यांच्यामागं सगळा गोतावळा शेजारच्या पायऱ्या चढून गेला.

रंगराव भावाच्या गादीवर एकटेच बसून राहिले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडं साखळी ओढल्याचा आवाज आला, आणि पाणी कुठंही न अडता वाहून गेलं.