सुईचा ताप, साथीचा ताप
साडू म्हणजे एकाच घरी जेवायला बसलेले दोन पाहुणे. एकाच्या पानात जरा जास्त पडलं की दुसऱ्याचं पोट दुखणारच, त्याला औषध नाही. त्यातून हे दोघे साडू एकाच छावणीत, म्हणजे बघायलाच नको.

थोरला लष्करी दवाखान्यात मदतनीस होता. साथ आली, सगळ्या जवानांना लस सक्तीची झाली आणि तेव्हापासून सगळे त्याला सुईवाला म्हणू लागले. धाकटा ट्रक चालवायचा. चालवायचा कसला, मिरवायचा. साहेबांचा लाडका, सासूबाईंचा तर गळ्यातला ताईत. सुईवाल्याने सासुरवाडीत नळ दुरुस्त करावेत, पलंग उचलावेत, आणि सासूबाईंनी म्हणावं, "धाकटे जावई असते तर चटकन झालं असतं." असं ऐकल्यावर माणसाने जळू नये तर काय करावं?

आणि आता धाकट्याला मुलगी झाली. सुईवाल्याच्या घरात पाळणा हलला नव्हता. त्याची बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली ती तिथलीच झाली. फोन केला की नवरा जेवला का, हे विचारायचं राहून जाई. पोरीने जांभई कशी दिली, याचं मात्र साग्रसंगीत वर्णन. "कान अगदी भावोजींसारखे हो," ती म्हणाली, तेव्हा सुईवाल्याने फोन कानापासून लांब धरला.

दवाखान्यातल्या कोणालाच रजा नव्हती. धाकट्याला मिळाली, लेकीला बघायला. अटी दोनच, लस घेतलेली हवी आणि फाटकातून बाहेर पडताना अंगात साथीचा ताप नको.

छावणीत तापाच्या दोन जाती होत्या. टोचल्यावर दंड सुजतो, अंग मोडून येतं, तो सुईचा ताप. गोळी घ्या आणि चालू लागा. नाक गळतं, घसा धरतो, तो साथीचा. त्याची रवानगी व्यायामशाळेत, जिथे आजाऱ्यांच्या खाटा टाकल्या होत्या. डॉक्टर एकच, तेही दिवसभर तिथेच अडकलेले. त्यामुळे फाटकावर कोणता ताप ते सुईवाला सांगे आणि पहारेकऱ्याला ते ब्रह्मवाक्य असे.

लस टोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा पिशवी घेऊन फाटकावर आला. पिशवीतून एक लोकरीचं टोपडं डोकावत होतं. अंग कढत होतं.

"साडूभाऊ, दंड बघा कसा टम्म झालाय," तो हसत म्हणाला. "तुमचा हातच जड आहे."

सुईवाल्याने दंड बघितला. नाक कोरडं, घसा साफ. डोळे मिटूनही सांगितलं असतं की हा सुईचा ताप. पण त्याला दिसत होतं ते वेगळंच. हा घरी पोचणार, सासूबाई त्याची दृष्ट काढणार, आणि आपली बायको, आपली हक्काची बायको, कौतुकाने पोर ह्याच्या हातात देणार.

"कोणता?" पहारेकऱ्याने विचारलं.

"साथीचा," सुईवाला म्हणाला.

झालं. एका शब्दात ध चा मा झाला. धाकट्याचा चेहरा पडला, पण वाद घालायचा त्याचा स्वभाव नाही. पिशवी उचलून तो व्यायामशाळेकडे गेला. सुईवाल्याला त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं. उद्या परवा ताप उतरला की म्हणू, चुकलं बुवा, असंही त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

सुईचा ताप उतरलाही, आणि चुकलं बुवा म्हणायचं सुईवाल्याने उद्यावर ढकललं. पण खोकणाऱ्यांच्या रांगेत झोपलेल्या माणसाला आठवड्याच्या आतच खोकला लागला, आणि मग खरा ताप चढला. लस अंगी मुरायला वेळ लागतो. सुईवाल्याला हे माहीत नव्हतं, असं कोण म्हणेल? रोज तोच तर जवानांना ते बजावत होता.

तेवढ्यात घरून फोन आला. बायको रडत होती. "तुम्ही ओळखलंत म्हणून. नाहीतर भावोजी तसेच आले असते आणि पोरीला..." मग सासूबाईंनी फोन घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "थोरले जावई, तुम्ही आमचं घर राखलंत." हेच शब्द ऐकायला तो इतकी वर्षं आसुसला होता. आता ते कानात उकळत्या तेलासारखे पडले.

संध्याकाळी तो पेज घेऊन धाकट्याच्या खाटेशी गेला. धाकट्याच्या नाकाला प्राणवायूची नळी होती.

"बरं झालं तुम्ही अडवलंत," धाकटा थांबत थांबत म्हणाला. "मी तर सुईचाच समजत होतो. गेलो असतो तर आधी पोरीलाच उचललं असतं." जरा दम घेऊन तो म्हणाला, "मला काही झालं तर ती तुमचीच. ताईंना फोनवर सांगितलंय मी."

नाही, असं सुईवाल्याला म्हणायचं होतं, साथीचा नव्हता तो, मी दिला तुला. त्याने चमचा पेजेत बुडवून पुढे केला.

"पेज घे," एवढंच तो म्हणाला.

धाकट्याने दोन घोट घेतले आणि डोळे मिटले. श्वासाला घरघर होती, पण चेहरा शांत होता. सुईवाला बघत राहिला आणि त्याला पुन्हा धाकट्याचाच हेवा वाटला.