सहाव्या पडद्याची जागा

अ‍ॅडलेडमधल्या बुसारेमच्या घरात माणसं दोन आणि वाद्यं नऊ. भिंतीवर मानाच्या जागी तिच्या आईने दिलेला दोन तारांचा दुतार, त्याखाली बाकीची उइगुर वाद्यमंडळी, मग शेजारच्या फरामर्झने भेट दिलेला इराणी सेतार, आणि कोपऱ्यात लेकीचं व्हायोलिन आणि गिटार. आल्यागेल्याला बसायला खुर्ची मिळेलच असं नव्हतं, पण मांडीवर एखादं वाद्य नक्की यायचं.

त्या शुक्रवारी दुपारी बुसारेम कामावरून आली, तर दुतार लख्ख चकाकत होता.

"आपा, बघ ना!" नफिसा नाचतच पुढे आली. आईला ती आपाच म्हणायची. "वीस वर्षांचा मळ काढला! पॉलिशपेपरने घासला, अक्रोडाचं तेल लावलं, दांडीवरचे दोऱ्याचे पडदेपण नवे बांधले. सहावा तर केवढा सरकला होता! फोनवर सूर तपासून बरोबर जागेवर आणला. आता गिटारशी जुळतो."

बुसारेमच्या तोंडचं पाणी पळालं. सहावा पडदा सरकला नव्हताच मुळी. तो तिच्या आईने, सायरामखानने, चीनमधल्या गुल्जा गावच्या घरात बसून स्वतःच्या कानाने बांधला होता, गिटारच्या दोन सुरांच्या मधल्या जागी. नवरी माहेरचा उंबरा ओलांडताना सायरामखान जी चाल वाजवायची, ती सगळी त्या एका सुरावर उभी होती. रविवारी इथे येऊन राहिलेल्या गुल्जाच्याच एका घरातलं लग्न होतं आणि नवरीने हट्टाने तीच चाल मागितली होती. आईलाच फोन करून विचारावं, तर आठ वर्षं झाली, तिकडे फोन कुणी उचलत नव्हतं.

"कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" बुसारेम कडाडली.

"मला वाटलं, तू खूश होशील."

"खूश? माझ्या आईचा हात पुसून काढलास तू! पॉलिशपेपरने!"

नफिसाच्या खोलीचं दार धाडकन आदळलं. बुसारेमला वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतकं नाही. ती तडक फरामर्झला बोलावून आली. सेतारलाही पडदे बांधावे लागतात, आणि त्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता.

तो आला. चहाला तीनदा "नको" म्हणाला, चौथ्यांदा कप पुढे केला. "मीठ नाही ना घातलंत, खानुम? चहात मीठ घालणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही."

"तुमच्यासाठी साखरेचा वेगळा केलाय, आगा. आधी हा दुतार बघा."

"पडदा मी बांधतो, जागा तुम्ही दाखवा. दांडीवर जुन्या गाठींचे वळ असतीलच." त्याने चष्मा लावून पाहिलं. दांडी आरशासारखी गुळगुळीत. "पोरीने काम मात्र चोख केलंय हो."

मग सुरू झालं. "इथे?" "थोडा वर." "आता?" "हो. नाही. थांबा... नाही." विसाव्या खेपेला बुसारेमला प्रत्येक जागा बरोबर वाटायला लागली आणि प्रत्येक चूकही.

"फोनवाल्या जागीच ठेवू या. लग्नाच्या गडबडीत कुणाला कळतंय?"

"गुल्जाच्या म्हाताऱ्या येणार आहेत, आगा. त्यांना मीठ कमी पडलेलं वासावरून कळतं." आणि एकदम तिला रडूच फुटलं. "माझ्याच आईचा सूर माझ्याच कानातून गेला हो."

फरामर्झने कप खाली ठेवला आणि दुतार पुन्हा मांडीवर घेतला.

तेवढ्यात आतून व्हायोलिन वाजायला लागलं. नफिसा नाक ओढत ओढत तीच चाल वाजवत होती, लहानपणी दुताराशेजारी झोपताना ऐकलेली. ती त्या सुरावर आली आणि बुसारेम उठून धावली. तिने दार ढकललं.

"थांब! बोट उचलू नकोस. हा सूर तुला कुणी शिकवला?"

"कुणी नाही." नफिसा घाबरली. "माझं ते बोट नेहमी चुकतंच, आपा. पाच वर्षं व्हायोलिनच्या मिस ओरडतायत. वहीभर लाल पेन्सिल आहे."

"पुन्हा वाजव. तसंच चुकव."

व्हायोलिनला पडदे नसतात. तिथे बोट फक्त कानाचं ऐकतं, आणि हा कान दुताराशेजारी मोठा झाला होता. फरामर्झ दुतार घेऊन जमिनीवरच बसला आणि तांदळाएवढा, मग तिळाएवढा पडदा सरकवत राहिला. शेवटी दोन्ही वाद्यं अशी एक झाली की वेगळी ऐकू येईनात. मग त्याने दोरा नफिसाच्या हातात दिला.

"सोडला तिने, बांधेलही तीच."

"मग मिसना काय सांगू?" गाठ आवळत नफिसाने विचारलं.

"मिसच्या वर्गात मिसचं ऐक. त्यांचा सूरही खोटा नाही. आपल्या घरात हा आहे." बुसारेमने तिचं डोकं जवळ ओढलं. "आणि मघाशी फार बोलले मी. चुकलंच माझं."

रविवारी नवरी निघाली तेव्हा आईच्या दुतारासोबत लेकीचं व्हायोलिनही होतं. नवरीची मोमा, म्हणजे आजी, आदल्याच दिवशी अल्माटीहून आली होती. तरुणपणी गुल्जा सोडलेली, आता डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि इथे घरच्यांपलीकडे तिची कुणाशी ओळख नव्हती. तो सूर आला आणि तिने हात वर केला.

"सायरामखान वाजवतेय ना? कधी आली गं ती इथे?"

बुसारेमने तारांवरचा हात थांबवला नाही. नफिसाकडे बघत ती म्हणाली, "शुक्रवारी आली, मोमा."