हरण्यापुरतं शीड

डावीकडे

साहेबांकडे शिडाच्या दोन होड्या होत्या आणि हरवायला माणूस एकही नव्हता. ही अडचण सत्त्याण्णव सालच्या दिवाळीनंतर त्यांच्या ध्यानात आली. तोवर होड्या मुंबईहून ट्रकवर चढून, शेणव्याच्या नाक्यावर तासभर वाहतूक अडवून, धरणाच्या फुगवट्याला लागलेल्या फार्महाऊसवर येऊन पोचल्या होत्या. एक नवी, पांढरी, साहेबांची. दुसरी जुनी, चार ठिकाणी ठिगळं लावलेली, पाहुण्यांसाठी. पण पाहुणे असे होते की व्हरांड्यातून पाणी बघायला त्यांची ना नव्हती; पाण्यातून व्हरांडा बघायला मात्र कुणी तयार होईना.

होड्या एकट्या माणसानं चालवायच्या. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. शिडाचा आडवा दांडा वळताना डोक्यावरून फिरतो. तो चुकवायला देवानं तिसरा हात दिलेला नाही, म्हणून डोकं आपलं आपण खाली घालायचं.

शेवटी साहेबांची नजर राखणदारावर पडली. राखणदार म्हणजे भगीरथ. जवळच्याच पाड्यावरचा, पस्तिशीचा, पट्टीचा पोहणारा, कमी बोलणारा, आणि घराण्यात हरण्याचा दोन पिढ्यांचा अनुभव. जमीन धरणात गेली तेव्हा आजा हरला होता. उरलेली फार्महाऊसमध्ये गेली तेव्हा बाप. यापेक्षा चांगली शिफारस असलेला उमेदवार साहेबांना अख्ख्या शहापूर तालुक्यात कुठं मिळणार होता?

"भगीरथ, तुला सेलिंग शिकवतो," साहेब म्हणाले. "डिसेंबरच्या पहिल्या रविवारी शर्यत. तू आणि मी."

"आनि जिंकला कोन तं?" भगीरथनं विचारलं.

साहेब बराच वेळ हसले.

उजवीकडे

आता फाटकाचं सांगायला हवं, कारण भगीरथच्या दृष्टीनं शर्यत फाटकाचीच होती.

धरणाचं पाणी उतरायला लागलं की कडेला गाळ उघडा पडतो. त्यात पेरतात तो गाळपेरा. धरण सरकारचं, पाणी मुंबईचं. गाळ मात्र अजून कुणाला लागत नव्हता. त्यात भगीरथ आणि त्याची बायको तानी दरवर्षी वाल लावत. नांगर नको, पाणी नको. एकानं काठीनं भोक पाडायचं, दुसऱ्यानं दाणा टाकून टाचेनं दाबायचं. अट एकच, ओल असेतोवर. डिसेंबरच्या सुरुवातीला गाळ तळव्याला चिकटतो. आठवडाभरानं त्याला भेगा पडतात, आणि मग त्यात वाल लावणं आणि हायवेवर लावणं सारखंच.

त्या गाळाकडे जायची वाट साहेबांच्या कुंपणातून गेली होती. खरं तर वाट आधीची आणि कुंपण नंतरचं, पण कुलूप कुंपणाकडे होतं. साहेब मागचं फाटक उघडं ठेवत, आणि हे उपकार कुणी विसरू नये म्हणून आठवड्यातून एकदा आठवण देत. भगीरथच्या आधीचा राखणदार मंगळू. त्यानं साहेबांना कॅरममध्ये हरवलं. दुसऱ्या दिवशी 'सुरक्षेच्या कारणास्तव' फाटकाला कुलूप लागलं, आणि मंगळूच्या घरच्यांनी डोंगराला वळसा घालून, दोन तास चालून गाळ गाठला. गाठला तेव्हा तो वाळला होता.

"राणी मी घेतली नाय रे," मंगळू अजून सांगे. "ती आपली आपन भोकात गेली."

शर्यत ठरली त्या दिवशी साहेबांच्या मॅडम ओट्यावर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भगीरथ, साहेबांना ब्लडप्रेशर आहे हं."

म्हणजे काम दुहेरी झालं. शर्यत दिसेल इतपत शिकायचं, आणि हरता येईल इतपतच.

पुन्हा डावीकडे, जरा जोरात

साहेब शिकवत ते धक्क्यावरच्या खुर्चीतून. चहाचा चमचा हे सुकाणू, घडी घातलेला पेपर हे शीड.

"वारा समोरून असला की सरळ जाता येत नाही. तिरकं जायचं. मग वळायचं, आणि दुसऱ्या अंगानं तिरकं. वळण्याला टॅक म्हणतात. कळलं?"

भगीरथला लगेच कळलं. दाखल्यासाठी कचेरीत गेलं की हेच करावं लागतं. आधी डावीकडचं टेबल, मग उजवीकडचं, मग पुन्हा डावीकडचं, आणि प्रत्येक खेपेला मोठ्या साहेबाच्या खुर्चीकडे वीतभर सरकायचं. एवढ्या साध्या गोष्टीला होडी कशाला लागते, हे कळलं नाही.

पहिला दिवस: दांडा कपाळावर.

दुसरा दिवस: दांडा कानावर. साहेब म्हणाले, प्रगती आहे.

तिसरा दिवस: दांडा चुकवला. सरळ पाण्यात.

चौथ्या दिवशी होडी अर्धी वळली आणि वाऱ्याकडे तोंड करून जी उभी राहिली ती राहिलीच. शीड नुसतं फडफडत होतं. काठावर मंगळू बिडी ओढत बसला होता. त्याला आता वेळच वेळ होता.

"हाकल तिला!" तो ओरडला. "नायतर पेंड दाखव पुढनं!"

"तूच ये की!"

"मी? मी तं कॅरमवाला!"

पाचव्या दिवशी तानीनं हे सगळं पाहिलं. काठालगतच्या खळ्यात ती मजुरीवर भात उफणत होती. सूप डोक्याइतकं वर, दाणा सरळ खाली, कोंडा वाऱ्याबरोबर बाजूला. भगीरथ ओल्या कपड्यांनी, कपाळावर टेंगूळ घेऊन खळ्यात आला तेव्हा तिनं हात थांबवला नाही.

"आज कुठं मारून घेतलंस?"

"कुठंच नाय. पडलो."

"तू दांडा आल्यावर डोका खाली घालतंस. मंग मारंल नाय तं काय, पाया पडंल तुज्या?"

"तुला काय कलतं गो त्यातला?"

"होडीतला नाय कलत. वाऱ्यातला कलतं." तेवढ्यात वारा फिरला. तानीचा खांदा आधी वळला, कंबर वळली, आणि सूप सगळ्यात शेवटी. दाण्यांची धार तुटली नाही. "बघितलंस? आदी अंग, मंग सूप. आदी सूप फिरवला तं कोंडा डोल्यात."

मग तिनं त्याच्या हातात सूप दिलं. अर्धं पोतं भात त्यानं उफणलं, त्यातला बराच कोंडा स्वतःच्या डोळ्यांत. सगळं अंग खाजवत असताना त्याला एकदम कळलं की वारा गालावर आधी बदलतो, मग झाडावर. झाडाकडे बघणाऱ्याला उशीर झालेला असतो.

सहाव्या दिवशी गालावर वारा सरकला. भगीरथनं सुकाणू लोटलं, अंग आधी पलीकडे टाकलं, दांडा रिकाम्या जागेवरून निघून गेला, आणि होडी झोपेत कूस बदलावी तशी वळली. मग परत वळली. मग त्यानं उगीचच आणखी एकदा वळवली.

"बघ," साहेब खुर्चीतून म्हणाले, "शिकवायची पद्धत असते एकेकाची."

शर्यत

रविवारी व्हरांडा भरला. अकरा पाहुणे, एक दुर्बीण, भजी. सकाळचा वारा डोंगराकडून येत होता आणि त्याच दिशेला, पाण्यात दगड बांधून सोडलेलं एक निळं पिंप होतं. धक्क्यापासून निघायचं, पिंपाला वळसा घालायचा, परत यायचं. मागच्या फाटकापाशी तानी वालाचं बियाणं बांधलेलं फडकं काखेत धरून उभी होती. आज आत शिरायचं की नाही, हे ती शर्यत बघून ठरवणार होती.

शिट्टी झाली. साहेब पुढे, भगीरथ मागे. पहिलं वळण साहेबांनी झकास घेतलं. भगीरथनं मुद्दाम उशिरा घेतलं. दुसरं वळणही तसंच. सगळं अगदी घराण्याच्या परंपरेप्रमाणे चाललं होतं.

तिसऱ्या वळणाला साहेबांना वाटलं, पाहुण्यांना समजावून सांगावं. ते वळता वळता व्हरांड्याकडे ओरडले, "आता बघा हं!" आणि होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

साहेबांचं शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं फडफडलं. साहेबांनी सुकाणू इकडे लोटलं, तिकडे लोटलं. होडी थोडा वेळ विचारात पडल्यासारखी थांबली आणि मग मागे जाऊ लागली.

आली का पंचाईत! पुढे जाणाऱ्या माणसाच्या मागे राहणं भगीरथला जन्मापासून येत होतं. मागे येणाऱ्या माणसाच्या मागे कसं राहतात, हे कुणी शिकवलं नव्हतं. साहेब हातभर मागे आले की भगीरथ दोन हात मागे जायला बघे; पण शिडाची होडी गाढव नव्हे, तिला मागे हो म्हणून होत नाही. मग त्यानं एकच करता येण्यासारखं होतं ते केलं. वळला. डावीकडे गेला, वळला. उजवीकडे गेला, वळला. गोठ्याएवढ्या जागेत, साहेबांच्या पाठीमागे, पुढे न सरकता.

"बाजूला हो!" साहेब ओरडले.

"होतोय साहेब!"

"मग पुढे जा!"

"नाय साहेब, तुमी आदी!"

सतरा वळणं झाली. व्हरांड्यात लोक मोजायला लागले होते. अठराव्या वळणाला डोंगराकडून एक झोत आला. भगीरथला तो गालावर आधीच कळला. अंग आपोआप पलीकडे गेलं, दोरी आपोआप ताणली, आणि होडी साहेबांच्या शेजारून अशी निघाली की पाणी फळीखाली गुणगुणायला लागलं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, पिंप. पिंपाला वळसा. मग वारा पाठीशी, शीड उघडं, धक्का समोर.

त्या पाच मिनिटांत भगीरथला फाटक आठवलं नाही. आजा, बाप, ब्लडप्रेशर, मंगळूची राणी, काहीच नाही. धक्क्याला होडी टेकली तेव्हा सगळं एकदम आठवलं.

साहेब पिंपाकडे न जाताच, उलटे, धक्क्याशी येऊन पोचले होते. चेहरा लाल. मॅडम गोळ्यांची डबी शोधत होत्या. फाटकापाशी तानीनं वालाचं फडकं दुसऱ्या काखेत घेतलं. डोंगराच्या वळशाला तयार झाल्यासारखी.

"कमाल आहे!" दुर्बीणवाला पाहुणा म्हणाला. "याला शिकवलं कुणी?"

भगीरथनं खाली बघितलं. खरं उत्तर फाटकापाशी उभं होतं.

"साहेबांनी," तो म्हणाला.

टाळ्या सुरू झाल्या. साहेबांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू उतरला. त्यांनी भगीरथच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना सांगितलं की चांगला गुरू शिष्याला मुद्दाम पुढे जाऊ देतो.

इकडे, तिकडे

फाटक उघडं राहिलं. भगीरथ मात्र त्यातून जाईना, कारण पाहुण्यांचा मुक्काम बुधवारपर्यंत वाढला होता आणि साहेबांना रोज सकाळी व्हरांड्यातून आपला शिष्य दाखवायचा होता.

"साहेब, दोन दिस सुट्टी पायजे. वाल लावायचेत."

"अरे, फाटक उघडंच आहे ना!" साहेब म्हणाले.

सोमवारी सकाळी तानी एकटीच गाळात उतरली. एकदा वाकून भोक, एकदा वाकून दाणा. भगीरथ पाण्यात तिरका जात होता. प्रत्येक खेपेचं एक टोक धक्क्याकडे, दुसरं तानीच्या गाळाशी.

(जवळ.)

"ओल किती हाय गो?"

"दोन दिसाची. तू काय..."

(वळला. लांब. व्हरांड्यात कॅमेरा. जवळ.)

"...राजा झालास काय, पान्यात फिरतंस?"

"पावने बुदवारी जातील!"

"बुदवारी गाल..."

(लांब. टाळ्या. जवळ.)

"...भाकरीसारका होल! मंग दात लाव त्याला!"

"मी काय करू? साहेब बघतोय!"

"जिंकायला कुनी सांगितला व्हता?"

(लांब. या खेपेला परत यायला भगीरथला जास्त वेळ लागला. जवळ.)

"कुनी नाय," तो म्हणाला. "बरा वाटला."

तानी पहिल्यांदाच ताठ उभी राहिली. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग शिडाकडे.

"दिसत व्हता," ती म्हणाली.

(लांब. जवळ.)

"तानी, तुज्याम्होरं पानी किती हाय?"

"गुडग्याला. खाली सगला चिखोल."

भगीरथनं होडीची पाण्यात सोडलेली मधली फळी वर ओढली, म्हणजे उथळातही शिरता येईल. वारा गालावर सरकला. वळायची नेमकी वेळ. तो वळला नाही. होडी सरळ आली, घसरली, आणि नाक गाळात खुपसून थांबली.

व्हरांड्यातून साहेबांचा आवाज आला. "भगीरथ! टॅक! टॅक कर!"

"होत नाय साहेब!"

"अरे, आत्ता तर करत होतास ना!"

"विसरलो, साहेब!"

तो उतरला. व्हरांड्यातून काठावरच्या गवताआड एवढंच दिसत होतं की भगीरथ पुन्हा पुन्हा वाकतोय आणि काठीनं काहीतरी रेटतोय, आणि त्याची बायको मागून पाय मारून त्याला मदत करतेय. साहेबांनी दुर्बीण पाहुण्यांकडे दिली. वळताना घाई केली की असंच होतं, त्यांनी समजावलं; होडी निघेल, पण धीर हवा. पाहुण्यांनी मान डोलावली आणि भज्यांची दुसरी ताटली मागवली.

दुपारी भुकेची वेळ झाली तेव्हा फडकं अर्धं रिकामं झालं होतं. तानीनं कमरेवर हात ठेवून उरलेल्या पट्ट्याकडे बघितलं.

"आजून एवडा ऱ्हायला रे."

"मंग उद्या पन रुतंल," भगीरथ म्हणाला, आणि पुढचं भोक पाडलं.