दंडावरचे डाग

दार म्हातारीच्या मुलाने उघडलं, पण अर्धंच. “आई पडली होती. आता बरी आहे,” तो म्हणाला. बरी आहे तर फोन कशाला केला, असं रुग्णवाहिकेवरच्या ताईच्या अगदी ओठांवर आलं. पण ती पिशवी घेऊन आत शिरली, मागोमाग ड्रायव्हरकाका.

म्हातारी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. ताईने नाडी धरली आणि विचारायला सुरुवात केली. विचारावं आजींना, उत्तर द्यावं मुलाने, असं चाललं होतं.

“आजी, चक्कर आली होती का?”

“पाय घसरला तिचा.”

लादी मात्र ठणठणीत कोरडी होती. आणि आजी दर वेळी आधी मुलाच्या तोंडाकडे बघत होत्या.

रक्तदाबाचा पट्टा बांधायला बाही वर सारली, तर दंडावर बोटांचे डाग. काही जांभळे, काही पिवळे पडलेले. दुसऱ्या दंडावरही तेच. ताईच्या मनात पाल चुकचुकली. चारचौघांत गोड बोलणारी आणि दार लावून हात उगारणारी माणसं तिने कमी पाहिली नव्हती.

“ड्रायव्हरकाकांबरोबर स्ट्रेचर आणायला जा,” ती मुलाला म्हणाली.

तो घुटमळला. “मी इथेच थांबतो.”

“जिना अरुंद आहे, दोघं लागतील.” काकांनी इशारा ओळखला आणि त्याला जवळजवळ ओढतच नेलं.

ताईने पुन्हा आजींचं मनगट हातात घेतलं. “आता आपण दोघीच आहोत. तुमच्यावर कोणी हात उचलतं का?”

आजी चमकल्या. “अगं बाई, तो? त्याने मला उचललं. दर वेळी असंच दंडाला धरून उचलतो.”

“दर वेळी म्हणजे? आधीही पडलात?”

आजींनी जीभ चावली. मग हळूच म्हणाल्या, “मुलीला कळलं तर ती मला तिच्याकडे नेईल. हा एकटा पडेल. म्हणून आम्ही दोघांनी ठरवलंय, कुणाला सांगायचं...”

वाक्य तिथेच तुटलं. डोळे फिरले, मान कलंडली, आणि ताईच्या बोटांखालची नाडी गायब झाली. तिने आजींना झटकन आडवं केलं. छाती दाबायला हात ठेवणार तोच नाडी परतली. एक ठोका, लांब थांबा, मग दुसरा.

ताई चरकली. नाडी मंद लागतेय हे तिला आल्या आल्या जाणवलं होतं. पण तिचं सगळं लक्ष मुलावर, आणि डाग दिसल्यावर तर नाडी डोक्यातून पारच गेली. तिने आजींच्या छातीवर हृदयाला विजेचे ठोके देणारे पॅड चिकटवले आणि इस्पितळाला कळवलं.

संध्याकाळपर्यंत आजींना पेसमेकर बसला. ताई दुसऱ्या रुग्णाला सोडायला आली, तेव्हा मुलगा व्हरांड्यात उभा होता.

“डॉक्टरांनी मला डागांबद्दल विचारलं. तुम्ही सांगितलंत?”

“हो.”

“म्हणजे माझ्यावर संशय घेतलात.”

“घेतला. आजी पडत होत्या, तेही सांगितलंय. बहिणीला मात्र तुम्हीच सांगा.”

“ती आता आईला नेईलच,” तो म्हणाला. ताई रिकामं स्ट्रेचर ढकलत गाडीकडे निघाली.

गाडीत काकांनी विचारलं, “मग, मारत होता का?”

“नाही.”

“चेहऱ्यावरून वाटत होता.”

“मलाही,” ताई म्हणाली.