लाल दोऱ्याचं भांडं

बायको, भामाबाई, गेल्याचं कडुबाला कळलं तेव्हा तो रोपांना पाणी घालत होता. सकाळी तिला धाप लागली म्हणून शेजाऱ्याच्या गाडीतून शहरात नेलं होतं. "सुरूच्या रोपांना पाणी द्या, मी आलेच," असं सांगून गेली. दुपारी लेकीचा, विशाखाचा, दवाखान्यातून फोन आला. कडुबानं ऐकून घेतलं आणि उरलेली रांग भिजवूनच नळ बंद केला. तिनं सांगितलेलं काम अर्धं टाकायची त्याला सवय नव्हती.

दौलताबादच्या रस्त्यावर त्यांची रोपवाटिका. वांगी-मिरची कडुबाची, झाडं भामाबाईची. खुलताबादच्या डोंगरावरच्या शाळेचे पत्रे वाऱ्यानं दोनदा उडाले, तेव्हा वारा अडवायला सुरूची चारशे झाडं देईन, असा शब्द तिनं दिला होता. शब्द मागं राहिला, आणि कडुबा.

महिनाभरानं त्यानं एक पिशवी फाडून पाहिली. मुळांवर गाठीच गाठी! सारं आयुष्य वांग्यात गेलेला माणूस तो. मुळाला गाठ म्हणजे कीड, हे त्याला झोपेतही कळायचं. तीन दिवस बसून त्यानं एकेका रोपाच्या गाठी खुडल्या, मुळं औषधात बुडवली, कोरी माती भरली. चाळीस रोपं राहिली, कारण कंबर धरली.

पुढच्या महिन्यात तीनशे साठ रोपं हळदीच्या नवरीसारखी पिवळी झाली. राहिलेली चाळीस मात्र हिरवीगार.

रविवारी गारखेड्याहून विशाखा आली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची.

"बाबा, काय केलंत हे?"

"रोग काढला."

"रोग नव्हता तो! गाठींत जिवाणू राहतात. हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. तुम्ही झाडाचा सैपाकीच हाकलला."

"ते हरभऱ्याचं. मला शिकवती व्हय? सुरूला काय घाटे लागत्यात?"

"नाय लागत. याचा जिवाणू वेगळा, फ्रँकिया. हिमालयात उत्तीस नावाचं झाड असतं, त्याच्या मुळातही हाच राहतो. आई शिबिरातून शिकून आली होती."

"मला नाय सांगितलं तिनं."

"सांगितलं असंल. तुम्ही वांग्यात असाल."

कडुबानं एक पिवळं रोप उचलून मांडीवर घेतलं.

"मग आता?"

"आई जुन्या रोपाच्या गाठी वाटून, पाण्यात कालवून नव्याच्या मुळाशी घालायची. कशात वाटायची कोण जाणे."

कडुबा उठला. आतून मिक्सरचं छोटं भांडं घेऊन आला. कडीला लाल दोरा बांधलेला. 'याला हात लावू नका,' असं भामाबाई कायम म्हणायची. का, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"यात मी दोन महिनं शेंगदाण्याची चटणी करतोय," तो म्हणाला. "तरीच लई कचकच लागायची."

विशाखा हसत सुटली. "बाबा, तुमच्या पोटात आता सुरूचं बन उगवणार!" हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. कडुबाही हसला. भामाबाई गेल्यावर पहिल्यांदाच.

भांडं घासलं. चाळीस रोपांवरच्या थोड्याथोड्या गाठी काढून वाटल्या आणि ते पाणी पिवळ्या रोपांना घातलं. जुलैत मुख्याध्यापक नानासाहेबांचा फोन आला.

"कडुबा, पावसाळा चाललाय. दुसरीकडून झाडं आणू का?"

"सर, भामाचा शब्द हाय. थोडं थांबा."

"वारा थांबतोय व्हय?"

"वाऱ्यालाबी माझं नाव सांगा."

दीड महिन्यानं कडुबानं पिशवी फाडली. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी! "अगं, हे बघ," असं म्हणून तो घराकडं वळला, मग पुन्हा वळून पुढची पिशवी तपासायला लागला.

दोनशे सत्तर रोपं तगली. ती शाळेच्या तीन बाजूंना लावून झाली. एकशे तीस मेली. त्यांच्या जागी कडुबानं नवं बी टाकलंय, पण ते अजून बोटभरच आहे. शाळेची पश्चिमेची बाजू, जिकडून वारा येतो आणि जिथं सगळ्यात दाट रांग लागणार म्हणून शेवटी ठेवली होती ती, अजून लावायची राहिली आहे.