पोर्चमधली खुर्ची

चैतरामनं बैठकीतली खुर्ची उचलली आणि मुद्दाम बाहेर, पोर्चमध्ये आणून ठेवली.

"बसा, पटेलजी."

रामपायलीचे दुलीचंद पटेल नातवाच्या नोकरीसाठी शब्द टाक म्हणायला बालाघाटला आले होते. त्यांच्या घरी कोणाला कुठं बसवायचं ते ठरलेलं होतं. सोयरे ओसरीत, कामाला आलेले बाहेरच्या छपरीत, आणि चैतरामचा बाप महागू छपरीच्याही खाली, अंगणात. बौद्ध झाल्यावरही अंगणातच. दीक्षेनं ऊन हललं नव्हतं.

आता चैतराम ओव्हरसियर होता. घराचा नकाशा त्यानं स्वतः काढला होता. त्यात पोर्च म्हणजे मोटार उभी करायची जागा. ती काही घरात धरत नाहीत. मोटार नव्हती म्हणून तिथं सायकल राहायची. पटेल कधी आलेच तर त्यांना सायकलशेजारी बसवायचं, हे त्यानं पाया खणतानाच ठरवलं होतं.

पटेलांनी मान वर करून छत पाहिलं.

"काय छपरी काढली रे! खांब, स्लॅब! माह्या तं ओसरीलेबी मातीचे कवेलू हायत. एवढा मान नोको देऊ, बापा."

अपमान आता समजावून सांगावा लागणार होता. चैतरामनं तोंड उघडलं, तेवढ्यात महागू आतून आला. त्यानं पटेलांना पाहून हात जोडले, आणि पोर्चचा उतार उतरून तो थेट उन्हात, मातीत जाऊन बसला.

"बा, तिथं काहून? खुर्ची आणतो ना."

"राहू दे. इथं बरं हाय."

"घर आपलं हाय, बा."

"हौ ना," महागू म्हणाला, आणि तिथंच बसून राहिला.

दारात चहा घेऊन आलेली पुष्पलता नवऱ्याकडे बघत थांबली. चैतरामचे कान तापले. तो सायकलची घंटी रुमालानं पुसू लागला.

"महागू," पटेल म्हणाले, "उन्हात काहून बसला? ये, वर ये."

महागू लगेच उठला. वर येऊन भिंतीला पाठ लावून बसला.

चैतरामनं नोकरीसाठी शब्द टाकायचं कबूल केलं. नाही म्हणायला मान वर करावी लागली असती.

संध्याकाळी महागू वॉर्डभर सांगत फिरला, "पटेलनं मले वर बोलावून बसवलं!"

"कुठं?" शेजारच्या नथ्थूनं विचारलं.

"आमच्या घरी."