बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

माझ्या नाकावर राग असतो, हे मीच आधी सांगून टाकते. नाहीतर सून सांगेल. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, पण उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला सुनावल्याशिवाय कपडा हातात दिला नाही. अशा बाईला फुप्फुसाचा टीबी झाला. डॉक्टरांनी बजावलं, सहा महिने गोळ्या, एक दिवसाचाही खाडा नको. सुनेला तेव्हा दिवस गेलेले. नातवंड जन्मेल त्याच दिवशी मांडीवर घ्यायचं, एवढंच मी मनाशी धरून बसले.

दवाखान्यात संशोधन चालू होतं, त्यासाठी दर महिन्याला रक्त द्यायला मी कबूल झाले. रक्त घ्यायची ती प्रयोगशाळेतली बाई. तिचं नाव मी सुईवाली ठेवलं. ती सांगायची, मावशी, रक्तातल्या पेशींना जंतूचा तुकडा दाखवायचा आणि त्या एकमेकींना मदतीला हाका मारतात का, ते मोजायचं. आधी माझ्या पेशींचा आवाज अगदीच क्षीण निघाला. पुढच्या महिन्यात चढला. म्हटलं, माझ्याच पेशी त्या, गप्प बसतील होय?

तिसऱ्या महिन्यात खोकला गेला. गोळ्यांनी मात्र मळमळायचं, घास उतरेना, सरळ शिलाई वाकडी जायला लागली. मग काय, मीच डॉक्टर झाले. रोजच्या गोळ्या बटणांच्या डब्यात टाकायच्या आणि फोनवर सुनेला सांगायचं, घेतल्या गं बाई.

चौथ्या महिन्याचं रक्त देऊन आठवडा झाला असेल. रविवारी दार वाजलं. बाहेर सुईवाली. लिफ्ट बंद, चार मजले चढून धापा टाकत होती. चोराच्या मनात चांदणं! मीच आधी भांडायला उठले, की सुट्टीच्या दिवशी कसलं रक्त काढतेस. ती पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली,

"मावशी, तुमच्या पेशींचा आवाज परत बसलाय. आकडा वहीत लिहिला की माझं काम संपतं. त्यावरून उपचार ठरत नाहीत, कदाचित माझंच चुकलं असेल. पण घरी चैन पडेना. गोळ्या चालू आहेत ना?"

मी तोंड उघडलं ते खोटं बोलायलाच. पण मशीनवर बाळाचं झबलं अर्धवट शिवून पडलेलं, त्याच्याकडे नजर गेली. बटणांचा डबा तिच्यापुढे उपडा केला. ती एका शब्दाने रागावली नाही. बटणांतून गोळ्या वेचत बसली.

दुसऱ्या दिवशी तीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. थुंकीत जंतू परत दिसले. उपचार लांबले. नात झाली ती मी फोनवर पाहिली आणि उशीत तोंड खुपसून रडले. पण ती बाई आली नसती, तर तसलीच छाती घेऊन मी त्या पोरीचे मुके घेतले असते. आठवलं की आजही अंगावर काटा येतो. तिचे उपकार मी कसे फेडू?

थुंकी स्वच्छ आली, डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा मी सुईवालीलाही घरी बोलावलं. सून नातीला माझ्या हातात द्यायला पुढे आली. मी म्हटलं, आधी हिच्याकडे दे. सुईवाली गडबडली, म्हणाली मी कशाला, आजी तुम्ही आहात.

"तू जिना चढलीस म्हणून," मी म्हटलं.

नात तिच्या मांडीवर जांभया देत राहिली. मी हात धुऊन आले आणि जन्मात पहिल्यांदा, तोंडातून अवाक्षर न काढता, माझा नंबर येईपर्यंत थांबले.